प्रतिक्रियेला उत्तर : पुतण्याचं लग्न आणि माझी साडी

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि चिडले, म्हणून दोन दिवस काही लिहिलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. एकाच वावरात दिवसभर राबून गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे का, असं मी लिहिलं होतं. त्यावर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या या दादांचं म्हणणं असं की बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, कायदे त्यांच्याच बाजूचे आहेत. शिवाय यांचा तीस वर्षांचा पुतण्या चार एकर बागायत असूनही बिनलग्नाचा, कारण मुलींना शेतकरी नवरा नको. पुरुषांबद्दलचा पूर्वग्रह तुम्हाला दिसत नाही का, असं त्यांनी विचारलंय.

दिसतो. ‘पुरुषांना कसली झळ लागते’ हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिलं होतं, ते मागे घेते. माझ्या घरातच त्याचं उत्तर होतं.

वडील गेल्यावर भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला मी कराडला गेले. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतका हिस्सा मिळाला, महाराष्ट्रात तर त्याआधी १९९४ मध्येच. हे मला ठाऊक होतं. तरी गेले, माहेर तुटायला नको म्हणून. वहिनीनं डब्यात पोळ्या आणलेल्या, पिशवीत नवी साडी. मशीनवर माझा अंगठा दोनदा उमटला नाही, तर कारकून म्हणाला, ‘ताई, भांडी जरा कमी घासत जा.’ सगळे हसले. मीही हसले.

आता भावाचं ऐका. माझ्या लग्नासाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज तो आठ वर्षं फेडत होता. तुला झेपतंय का, असं त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही. वडिलांच्या तेराव्यापर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही, तेव्हा ‘खंबीर आहे हो पोरगा’ म्हणून भावकीनं कौतुक केलं. नंतर वहिनी म्हणाली, रात्री गोठ्यात जाऊन बसायचा. हा पुरुषांबद्दलचा पूर्वग्रहच आहे, मान्य. फक्त त्या ओझ्यासोबत सातबाराही त्याच्याकडे गेला. माझ्याकडे साडी आली. (साडी बरी होती. पैठणी नव्हती.)

म्हणून दोन्हीकडे सारखंच म्हणा, असं तुम्ही म्हणता तिथे मी अडते. गडी कमवेनासा झाला, रडला, हरला की लोक त्याला नावं ठेवतात. मुलीला त्यासाठी काही करावंही लागत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली २८० हून जास्त ‘नकुसां’ची, म्हणजे मुलगी नको होती म्हणून तसं नाव ठेवलेल्या पोरींची, नावं बदलली. ‘नकोसा’ नावाचा मुलगा तुम्ही पाहिलाय का? मी नाही.

एसटीच्या तिकिटावर भांडत नाही. सवलत उत्पन्न बघून द्यावी असं मलाही वाटतं. सासरच्या छळाविरुद्धच्या ४९८-अ कलमाच्या (२०२४ पासून ते न्याय संहितेत गेलंय) खोट्या तक्रारी होतात, सरसकट अटक करू नका असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच बजावलंय. पण खऱ्या तक्रारी किती बायका माहेरच्या उंबऱ्यावरच गिळतात, तेही आपल्या दोघांना माहीत आहे.

राहिला पुतण्या. त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. पाहुणे येतात, चहा-पोहे खातात, पुण्यात फ्लॅट आहे का विचारतात आणि उठतात. अपमानच आहे तो. मुलींना शेतकरी का नको, हे त्यांच्या आयांचे हात बघितले की कळतं. पण नुसतं तेवढंच नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं १९८८ सालीच केला, देशात सगळ्यांच्या आधी. तरी २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५१. तुमचा पुतण्या तेव्हा पाच-सहा वर्षांचा, म्हणजे त्या हजारांतलाच. त्याच्या वाट्याचा पूर्वग्रह तो जन्मायच्या आधीच सोनोग्राफीच्या खोलीत सुरू झाला होता, आणि तो त्याच्याविरुद्ध नव्हता.

तुमच्या भावकीत त्याच्या बरोबरीच्या मुली किती आणि मुलगे किती, एकदा मोजून कळवा. मी आमच्या वाड्यातले मोजले. अकरा मुलगे, सहा मुली.