मारिया साबिनाचं नाव एका ओळीत का उरकता?

हॅल्युसिनोजेन्सवर, म्हणजे भास घडवणाऱ्या द्रव्यांवर, काहीही वाचायला घ्या, गोष्ट सुरू होते अल्बर्ट हॉफमनपासून. बाझलच्या सँडोझ कंपनीतला केमिस्ट, १९३८ मध्ये त्याने एलएसडी हे असंच एक द्रव्य बनवलं, १९ एप्रिल १९४३ ला २५० मायक्रोग्रॅम स्वतःच घेतलं आणि डोळ्यांसमोर सगळं वेडंवाकडं होत असताना सायकलवरून घरी गेला. खरंय सगळं, पण मारिया साबिनाला मात्र एका ओळीत गुंडाळतात याचा मला मनापासून राग येतो.

मेक्सिकोत ओआहाका राज्यातल्या डोंगरातलं वाउत्ला गाव, तिथली ही मासातेक या आदिवासी समाजातली बाई. तिच्याकडे भास घडवणारे मशरूम म्हणजे उपचार, रात्रीची वेळ, आजारी माणूस समोर आणि ही तासन्‌तास गात त्याच्याजवळ बसलेली. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर आपल्या मुलाची काळजी वाटते असं सांगून तिच्याकडे बसला, १९५७ मध्ये लाइफ मासिकात लेख छापून मोकळा झाला. त्यात तिचं नाव बदललं होतं, पण लोकांनी तिला शोधून काढलंच. मग बाहेरच्यांची झुंबड, पोलीस, गावाचा रोष, तिचं घरसुद्धा जाळलं. १९८५ मध्ये गरिबीतच गेली बिचारी. आणि हॉफमनने १९५८ लाच त्या मशरूममधून सायलोसायबिन, म्हणजे भास घडवणारा घटक, वेगळं काढलेलं!

एलएसडी आणि सायलोसायबिनचे रेणू मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतात, रंग, वेळ, अगदी 'मी' असल्याची जाणीवसुद्धा हलते, आणि अशा वेळी तुमची मनःस्थिती काय, सोबत कोण, यावर अनुभव सुखाचा की भयानक हे बरंचसं ठरतं. १९५३ मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या लोकांनी फ्रँक ओल्सन या शास्त्रज्ञाला न सांगता दारूतून एलएसडी पाजलं, काही दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. सोबत आणि विश्वास काढून घेतला की काय उरतं ते बघा.

आज डिप्रेशनवर सायलोसायबिन देऊन बघणाऱ्या ट्रायल्समध्ये काय करतात? आधी नीट तपासणी, सायकोसिसची (वास्तवाशी संबंध सुटण्याच्या आजाराची) हिस्ट्री असेल तर घेतच नाहीत (आणि हे योग्यच आहे, घरी प्रयोग करणाऱ्यांनी तर हे वाचाच), मग शांत खोली, संगीत, आणि सगळा वेळ शेजारी बसलेला थेरपिस्ट. मारिया साबिना दुसरं काय करत होती? आता सायलोसायबिनवर कंपन्या पेटंट घेतायत, त्यात मासातेक लोकांचा वाटा किती, हे त्यांना कोणीतरी विचारायलाच पाहिजे.