‘फसवणूक’ म्हणण्याआधी नकाशाची सूची वाचायची होती

सातारच्या घाटपट्ट्याचा माझा समपर्जन्य नकाशा (सारख्या पावसाची ठिकाणं रेषांनी जोडणारा) पाहून आपण लिहिलंत : “आयडीडब्ल्यू ही शाळकरी पद्धत. क्रिगिंग करायला हवं होतं. अंतरं अंशांत मोजलीत, रंग भडक आहेत, आणि रेषा हाताने फिरवल्यात, ही वाचकांची फसवणूक.” दोन्ही पद्धती पर्जन्यमापन केंद्रांच्या आकड्यांवरून मधल्या जागांचा पाऊस काढतात : आयडीडब्ल्यू जवळच्या केंद्राला जास्त वजन देते, क्रिगिंग ते वजन केंद्रांच्या आकड्यांतल्या परस्परसंबंधावरून ठरवतं.

अंशांचं बरोबर. आधी यूटीएम 43 उत्तर (अंतरं मीटरांत मोजता येतात असं नकाशा-प्रक्षेपण) लावायला हवं होतं. 18 अक्षांशावर रेखांशाचा एक अंश 106 किमी, अक्षांशाचा जवळपास 111. चूक पाच टक्क्यांच्या आत. सुधारली.

आता क्रिगिंग. हा शब्द तोंडावर फेकला की समोरचा गप्प बसतो, असा आपला समज दिसतो. माझी केंद्रं 14, त्यांच्या जोड्या 91. क्रिगिंगला लागतो व्हेरिओग्राम, म्हणजे अंतर वाढेल तसा दोन केंद्रांतला फरक किती वाढतो त्याचा आलेख. त्याच्या प्रत्येक अंतर-टप्प्यात निदान तीसेक जोड्या असाव्यात असा संकेत आहे. म्हणजे तीन ठिपके! त्यांतून हवा तो वक्र काढा. शिवाय सह्याद्रीवर दिशा वेगळ्या धराव्या लागतात. धारेच्या (डोंगरकण्याच्या) बाजूने दक्षिणोत्तर पाऊस सावकाश बदलतो. पूर्वेला मात्र महाबळेश्वरचे साडेपाच हजार मिमी सरळ रेषेत पंधरा किमीवर, पाचगणीला, दोन हजारांच्या खाली येतात आणि वाईला हजारही भरत नाहीत. त्या 91 जोड्या दिशांत वाटून बघा काय उरतं ते.

उंचीचा आकडा जोडीला घालून क्रिगिंग, म्हणजे को-क्रिगिंग? वाई 700 मीटरवर, चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि पाऊस चिपळूणला तिपटीहून जास्त. नुसत्या उंचीला वारा कुठून येतो ते कळत नाही.

म्हणून धार अडथळा धरून दोन्ही बाजूंचं आयडीडब्ल्यू वेगळं केलं, घातांक 2 (वजन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त). धारेवरचं महाबळेश्वर दोन्हीकडे घेतलं. तरी त्याच्याभोवती रेषांची गोल कडी पडलीच, ती पद्धतीची खोड आहे. पाऊस तसा गोल पडत नाही. तेवढ्या रेषा हाताने धारेला समांतर नेल्या आणि तुटक ठेवल्या. सूचीत तिसऱ्याच ओळीत तसं लिहिलंय. अठरा वर्षं या रेषा ओढतोय. लपवायचं असतं तर सलग ओढल्या असत्या, आपल्याला पत्ताही लागला नसता.

रंगांचं सोडा.

पाचगणीचं केंद्र वगळून आपलं क्रिगिंग चालवा आणि तिथे किती मिमी येतात तो आकडा इथे टाका. माझा नोंदीपेक्षा जास्त आला होता, आधीच सांगतो.