कडू दुधीचा रस पिऊन शरीर शुद्ध होत नाही

‘मिक्सर फेका, ज्यूसर घ्या’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मिक्सरऐवजी ज्यूसरने चोथा काढून नुसता रस प्या, शरीर शुद्ध होतं, असा त्याचा दावा. माझ्या आत्यालाही तो आला. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. तिने लगेच दुधी आणून ठेवला आणि सकाळची गोळी बंद करू का, असं मला विचारलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

त्यातला सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते. ‘रोज उपाशीपोटी दुधीचा रस प्या. जितका कडू तितका गुणकारी. चव सोसवत नसेल तर कारलं, आवळा घाला. उलट्या-जुलाब झाले तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय.’

हे वाचून माझा संताप झाला. दुधी मुळात कडू नसतो. तो कडू लागला तर त्यात क्युकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. २०१० मध्ये दिल्लीत दुधी-कारल्याचा कडू रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापून आला. समितीला ताज्या दुधीच्या रसाने विषबाधा झालेले २६ रुग्ण सापडले. रस पोटात गेल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत पोटदुखी, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब खाली येणं. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात.

समितीने सांगितलं ते नेमकं मेसेजच्या उलट आहे. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या. दुसऱ्या कशाचाही रस त्यात मिसळू नका. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा कसा कळणार? आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी झाली तर ताबडतोब दवाखाना गाठा. भाजीसाठी दुधी चिरताना आपल्या घरातल्या बायका आधी फोड जिभेला लावून बघतात, ती सवय रसाच्या नादात सोडू नका.

‘फळातली साखर नैसर्गिक, म्हणून मधुमेह्यांना रस चालतो.’ नाही चालत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर मध आणि पाकातल्या साखरेच्याच गटात धरली आहे. एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात. तेवढी सोलून, चावून एका बैठकीत कोण खातं? अमेरिकेतल्या १,८७,००० हून जास्त लोकांच्या माहितीवरून २०१३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका कमी दिसला, तर रस जास्त पिणाऱ्यांत तो वाढलेला दिसला.

‘चोथा म्हणजे आतड्यांना भार.’ ज्याला चोथा म्हणून टाकायला सांगताय, त्यातच बहुतेक तंतू असतात. पोट साफ राहायला ते लागतात आणि साखर रक्तात सावकाश उतरते तीही त्यांच्यामुळेच. मिक्सरमध्ये ते बारीक होतात, पण न गाळता प्यायलं तर पोटात जातात. आतडं अरुंद झालेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला डॉक्टर कमी चोथ्याचा आहार देतात, हे खरं. पण तो सल्ला त्या रुग्णापुरता असतो.

‘मिक्सरच्या पात्यांनी जीवनसत्त्वं मरतात.’ क जीवनसत्त्व हवा लागून आणि वेळ जाऊन कमी होतं. ते रसातही होतं, कुठल्याही यंत्रातून काढा. मिक्सर मिनिटभर फिरवल्याने फार फरक पडत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. कच्चं गाजर नुसतं चावून खाल्लं तर त्यातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, सगळं अंगी लागत नाही, रसातलं जास्त लागतं. पण तेवढ्यासाठी ज्यूसर कशाला? गाजर शिजवून, थोड्या तेला-तुपाबरोबर खाल्लं तरी ते चांगलं मिळतं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर पालकाचा रस किंवा हिरवी स्मूदी (मिक्सरमधून काढलेलं, न गाळलेलं पेय), दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पालकात ऑक्झलेट (मुतखड्याला कारण ठरू शकणारं द्रव्य) आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर असतात आणि यंत्र बदलून ते कमी होत नाहीत.

आत्याला मी सांगितलं, फळ अख्खं खा. दात त्रास देत असतील तर मिक्सरमधून काढ, पण गाळू नको, साखर घालू नको. दुधी चाखून, गोड निघाला तर चण्याची डाळ घालून भाजी कर. आणि गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवू नको.