शून्य तिकीट, ऋण त्वरण

खानापूर ते बेळगाव हे अंतर सुमारे 26 किलोमीटर आहे आणि गेली 19 वर्षे ते मी बहुतांशी उभ्यानेच कापत आलो आहे. एवढ्या तपश्चर्येनंतर गती या विषयात मला कोणी काही शिकवावे असे उरलेले नाही, अशी माझी समजूत होती. ती माझ्या भाचीने मोडीत काढली. दहावीपर्यंत ती खानापुरातच मराठी माध्यमात शिकली. आता बेळगावच्या कॉलेजात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, आहे आणि सकाळी माझ्याच बसने येते. एका सोमवारी, दोघांच्या वाट्याला मिळून दीड पाऊल ठेवण्याइतकी जागा असताना, तिने मला विचारले, "मामा, तू बीएस्सी आहेस की. स्पीड आणि व्हेलॉसिटी यांत फरक काय, सांग बघू."

"फरक कसला त्यात?" मी म्हणालो. "एक शाळेतला शब्द, दुसरा कॉलेजातला."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी एरवी हप्ते थकलेल्या कर्जदाराकडे पाहतो. मी बेळगावातल्या एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात कारकून आहे आणि पदवीनंतर पदार्थविज्ञानाशी माझा संबंध बसचे दार हाती लागेपर्यंतच येतो, हे तिला ठाऊक नसावे.

खरे म्हणजे या गोंधळात माझ्याइतकाच भाषेचाही दोष आहे. मराठी पुस्तकात स्पीडला 'चाल', व्हेलॉसिटीला 'वेग' आणि ॲक्सिलरेशनला 'त्वरण' म्हणतात. पण गाण्याची चाल, माणसाची चाल आणि पोरांची चालचलणूक सांभाळून झाल्यावर त्या बिचाऱ्या शब्दाला बसची चाल सांभाळायला सवड मिळत नाही, म्हणून आपण सरसकट 'वेग'च म्हणतो. रस्त्याकडेच्या पाटीवर 'वेगमर्यादा' लिहिलेले असते. शास्त्राप्रमाणे वेगाला दिशाही लागते, चालीला नाही; म्हणून ती चालमर्यादा आहे, कारण तुम्ही बेळगावकडे निघाला आहात की गोव्याकडे याची त्या पाटीला काडीचीही पर्वा नसते. आमच्या मागे उभ्या असलेल्या, कन्नड माध्यमातून आलेल्या एका मुलाने चर्चेत भर घातली, की त्यांच्या पुस्तकात हेच तिन्ही शब्द 'जव', 'वेग' आणि 'वेगोत्कर्ष' असे आहेत. सीमाभागात दोन्ही भाषांना एकमताने मान्य असलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्याच. 'वेग' ही त्यांतली एक निघाली, याचे मला त्या गर्दीतही बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी रात्रीचा अभ्यास करून आलो आणि बस देसूरकडे झुकेपर्यंत भाचीला समजावले, की सकाळी 26 किलोमीटर जाऊन संध्याकाळी तितकेच परत येणाऱ्या माणसाने 52 किलोमीटर अंतर कापलेले असते, पण त्याचे विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासून पोहोचलेल्या जागेपर्यंतचे सरळ अंतर, शून्य असते, कारण रात्री तो पुन्हा आपल्याच उंबऱ्यात असतो. चाल अंतरावरून काढतात आणि वेग विस्थापनावरून. त्यामुळे माझ्या संपूर्ण दिवसाचा सरासरी वेग शून्य येतो. हे ऐकून तिने हातातले तिकीट माझ्यासमोर धरले. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे आणि वाहक त्यांना शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. "म्हणजे माझं तिकीट विस्थापनावर आणि तुझं अंतरावर," ती म्हणाली. तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसापाशी याला उत्तर नव्हते.

सरासरी चालीच्या बाबतीत तर मी पैजेवर हरलो. सकाळी बस एक तास घेते, म्हणजे ताशी 26 किलोमीटर; संध्याकाळी रस्ता मोकळा मिळाला तर 40 मिनिटांत पोहोचते, म्हणजे ताशी 39. दोन्हींची बेरीज भागिले दोन, साडेबत्तीस, असे मी पतसंस्थेतल्या सराईतपणाने सांगून टाकले. भाचीने शांतपणे 52 किलोमीटरला 100 मिनिटांनी भागून 31.2 हे उत्तर काढले, कारण बस हळू चालते तेव्हा त्या हळूपणात वेळही जास्त घालवते आणि सरासरीत त्या वेळेचे वजन पडते. पैजेचा पाव किलो कुंदा, ही बेळगावची मिठाई, मला द्यावा लागला.

तरीही चाल आणि वेग एक वेळ परवडले. माणसाचा कस पाहते ते त्वरण. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, एवढी व्याख्या मला पाठ होती, पण ती डोळ्यांनी दिसली एका लिंबामुळे. त्या सकाळी कोणा आजींच्या पिशवीतून एक पिवळेधमक लिंबू निसटून बसच्या मधल्या वाटेत पडले. लिंबू कोणाचे हे आजींनी कबूल केले नाही आणि रस्त्यात पडलेल्या लिंबाला हात लावण्याचा धीर भरल्या बसमधल्या एकाही माणसाला झाला नाही. उलट सर्वांनी पावले आवरून त्याला वाट करून दिली. दोन्ही बाजूंना चपलांच्या भिंती आणि मध्ये सरळ अरुंद पट्टी, अशी एकरेषीय गतीची ती तयार प्रयोगशाळा होती. बेळगावची दिशा धन आणि खानापूरची ऋण, असे भाचीने ठरवून टाकले. वाहकाचेही गणित हेच होते. "मुंद होग्री" (पुढे चला) ही त्याची धन दिशा आणि "हिंद सरीरी" (मागे सरका) ही ऋण.

बस थांब्यावरून निघाली की लिंबू मागे घरंगळे, ब्रेक लागला की पुढे धावे. पण सपाट रस्त्यावर बस एकसारखी पळत असताना, खिडकीबाहेरची झाडे सर्वांत जोरात मागे जात असताना, लिंबू जागच्या जागी निवांत पडून होते. त्याला बसच्या वेगाशी काही देणेघेणे नव्हते; ते फक्त वेगातल्या बदलाला जाब देत होते. आणि मी? दांडीला लोंबकळत मीही 19 वर्षे नेमके तेवढेच करत आलो होतो. घरी पोहोचल्यावर "आज गाडी फार वेगात होती" अशी जी तक्रार मी करतो, ती वास्तविक त्वरणाची असते. ताशी 36 किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला 10 मीटर जाते. चालकाने ती दोन सेकंदांत थांबवली तर त्वरण येते ऋण 5 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वी आपल्याला ज्या त्वरणाने खाली ओढते त्याच्या जवळजवळ निम्मे. हा हिशेब मी मच्छे येथे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या जवळपास, एका अनोळखी गृहस्थाच्या पाठीवर नाक आपटून पडताळून पाहिला.

आता 'ऋण' या शब्दाविषयी. कर्ज विभागातल्या माणसासाठी ऋण म्हणजे कर्ज आणि ऋण त्वरण म्हणजे गाडी मंदावणे, हे माझ्या डोक्यात घट्ट बसले होते. बेळगावच्या स्थानकात बस फलाटाला लावताना ती समजूतही गेली. वाहक खाली उतरून, पाठीमागचा पत्रा थापटत "बर्ली, बर्ली" (येऊ द्या, येऊ द्या) असे ओरडू लागला आणि बस उलटी निघाली. भाची म्हणाली, "मामा, आता वेग ऋण आहे आणि त्वरणही ऋण आहे. मग गाडी मंदावली की जोरात निघाली?" मी क्षणभर थांबलो आणि मग आयुष्यात पहिल्यांदा माझी नोकरी विज्ञानाच्या कामी आली. खात्यावरची बाकी वजा असेल आणि दर महिन्याचा बदलही वजा असेल, तर कर्ज कमी होत नाही, फुगते. दोन्हींची चिन्हे सारखी असली की चाल वाढते, विरुद्ध असली की घटते. एकटे ऋण चिन्ह काहीच सांगत नाही. हे मी तिला कर्जदाराच्या उदाहरणाने समजावले, तेव्हा शेजारच्या सीटवरचे एक गृहस्थ आमच्याच संस्थेचे खातेदार असल्यामुळे खिडकीबाहेर पाहू लागले.

संध्याकाळी तिने वहीतला एक परिच्छेद दाखवून मला दिलासा दिला. खुद्द गॅलिलिओ यानेही 1604 साली असे मानले होते, की पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. वेग अंतराच्या नव्हे तर वेळेच्या प्रमाणात वाढतो, हे त्याला पुढे उमगले आणि 1638 साली छापलेल्या ग्रंथात त्याने ते मांडले. त्याचा प्रयोग असा: उतरत्या फळीवर गोळा सोडायचा, भांड्यातून गळणारे पाणी वजन करून वेळ मोजायची. सारख्या कालावधीत गोळ्याने कापलेली अंतरे 1, 3, 5, 7 अशी वाढत जातात. माझा सोमवारचा गोंधळ मंगळवारपर्यंत तरी निस्तरला होता, एवढे मी तिला सुनावले.

लिंबाचे काय झाले ते राहिलेच. स्थानकात बस उलटी निघताच ते पुढे घरंगळत गेले आणि थेट चालकाच्या पायाशी थांबले. साऱ्या बसमध्ये तेवढाच एक माणूस निर्भय निघाला. बस लावून झाल्यावर त्याने ते उचलले, शर्टाला पुसले आणि काचेजवळच्या तसबिरीपुढे ठेवले. संध्याकाळी परतताना नेमकी तीच बस आली. तसबिरीपुढच्या कोनाड्यात लिंबू घट्ट बसवलेले होते, वर हळदकुंकू वाहिलेले. बस सुसाट निघाली होती आणि ते तसूभरही हलत नव्हते.

"बघ," मी भाचीला म्हणालो, "वेग शून्य, त्वरण शून्य."

"कुणाच्या दृष्टीनं, मामा?" तिने विचारले, आणि तेवढ्यात ब्रेक लागला.