मूल एकटे कुठवर जाऊ शकते?

परीक्षांचे निकाल लागले की साताऱ्यातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे पुण्याला बिऱ्हाड हलवायचे का. अलीकडे तर दहावीचीही वाट पाहिली जात नाही. मूल पहिलीत जाण्याआधीच ‘त्याच्या भवितव्यासाठी’ वाकडला किंवा सिंहगड रस्त्याला फ्लॅट बुक होतो आणि आजी-आजोबा इथले घर राखायला मागे उरतात. मी माध्यमिक शाळेत शिकवते, माझी दोन्ही मुले साताऱ्यातच वाढत आहेत आणि हा प्रश्न मला पालकसभेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर लिहिणे भाग आहे. माझे मत आधीच सांगते. मूल पंधरा-सोळा वर्षांचे होईपर्यंत साताऱ्याएवढे शहर त्याच्या वाढीला मोठ्या शहरापेक्षा चांगले असते. स्वच्छ हवा, अजिंक्यतारा, कासचा रस्ता ही सारी सुखे मी मानते, पण त्यांना मी दुसरा क्रमांक देते. पहिले कारण हे की, दहा वर्षांचे मूल इथे कोणाचे बोट न धरता आपल्या गावात फिरू शकते.

2011 च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 20 हजार होती आणि पुणे महापालिकेची 31 लाखांवर. हा फरक मुलाच्या आयुष्यात कसा उतरतो, ते पाहावे. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत मोठा माणूस अर्ध्या तासात चालत जातो. शाळा, मैत्रिणीचे घर, ग्रंथालय, शाहू स्टेडियम, तबल्याचा क्लास, शिंप्याकडे टाकलेला गणवेश, ही सगळी ठिकाणे त्या अर्ध्या तासाच्या आत येतात. म्हणजे पाचवीतल्या मुलाला शाळेनंतर कुठे जायचे हे स्वतः ठरवता येते, उशीर झाला तर कारण द्यावे लागते, पैसे हरवले तर दुकानदाराशी स्वतः बोलावे लागते. माझ्या वर्गात जी मुले चालत किंवा सायकलने येतात, त्यांना सहलीत किंवा स्पर्धेच्या गावी अडचण आली तर ती आधी आजूबाजूच्या कोणाला तरी विचारतात. ज्यांना दारापासून दारापर्यंत व्हॅनने नेले जाते, ती आधी आईला फोन लावू द्या म्हणतात. दोघांच्या बुद्धीत काडीचाही फरक नसतो. फरक असतो तो सरावाचा.

माझ्या चुलत बहिणीची अकरा वर्षांची मुलगी पुण्यात बाविसाव्या मजल्यावर राहते आणि सुट्टीत आमच्याकडे येते. एका सकाळी मी तिच्या हातात स्टीलचा डबा आणि पन्नासची नोट दिली आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून दही आणायला सांगितले. ती दारातच थांबली आणि तिने विचारले, ‘मावशी, एकटी?’ पायात चपला होत्या, डेअरी आमच्या गॅलरीतून दिसते, तरीही पुढचे पाऊल तिला सुचेना. शेवटी गेली, आणि परत आली तेव्हा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, उरलेली नाणी मुठीत घट्ट आणि चेहऱ्यावर असा आनंद की तो पाहून मला भरून आले. ‘काकांनी मला विचारले, तू कोणाची गं?’ हे तिने रात्रीपर्यंत चारदा सांगितले. तिच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, ग्रंथालय आहे, बॅडमिंटनचे कोर्ट आहे. पण फाटकाबाहेर पहिल्या पावलालाच आठ पदरी वाहतूक आहे आणि तिच्या आईने तिला एकटीला बाहेर सोडावे असे मीही म्हणणार नाही. दोष तिच्या आईचा नाही. शहर एका मर्यादेपलीकडे वाढले की त्याचे रस्ते मुलांसाठी उरत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. पुण्यात नोकरी करणारे माझे कित्येक माजी विद्यार्थी सकाळी आठला घर सोडतात आणि रात्री आठला परततात. त्यांचे लहान मूल तोवर पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्या बाईंजवळ असते. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. हा कायदा मोलाचा आहे, पण रस्त्यावर जाणारे दोन-तीन तास तो परत देऊ शकत नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत पगार कमी आहेत, हे मी नाकारत नाही. मात्र तिथली आई सहाला घरी असते आणि मुलाचे दिवसभराचे बोलणे ते विसरून जायच्या आत ऐकते.

साताऱ्याच्या माणसाला मोठे शहर काही नवीन नाही. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतून कित्येक पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, बाजारपेठांत माथाडी म्हणून गेले. ज्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. हे पुरुष खोलीत दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत आणि मनीऑर्डर गावी पाठवत. बायको-मुले गावाकडेच. कमाई शहरात आणि संसार गावात, अशी ती वाटणी होती. तिची किंमत बायकांनी आणि जत्रेपुरतेच वडिलांना पाहणाऱ्या मुलांनी मोजली. म्हणून, ‘मी पुण्यात राहतो, बायको-मुले साताऱ्यात ठेवतो, शनिवार-रविवारी येतो’ असे कोणी तरुण बाप सांगतो तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगते की असे करू नका. कुटुंब तुटणार असेल तर सगळ्यांनी मिळून पुण्याला जावे. छोट्या शहराचा कोणताही फायदा घरात नसलेल्या बापाची भरपाई करत नाही.

आता माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी बाजू, आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. ‘इथे सगळे सगळ्यांना ओळखतात’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो, पण ते सर्वांना सारखे सुखाचे नाही. याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांनी आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत प्रवेश घेतला आणि आज महाराष्ट्र तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्यानंतर वर्षभराच्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेले भीमराव आणि घरातली इतर मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून आणि गाडी स्वतः हाकून त्यांना जावे लागले, वाटेत पाणीही मिळाले नाही. पुढे ते कुटुंब मुंबईला गेले. ज्याला गाव ओळखते आणि ओळखूनच नाकारते, त्याच्यासाठी मोठ्या शहराची अनोळखी गर्दी ही मोकळीक असते. हे आजही संपलेले नाही. आंतरजातीय विवाह केलेली जोडपी, घटस्फोटानंतर एकटीने मूल वाढवणारी आई, यांनी पुण्या-मुंबईची वाट धरली तर त्यांना साताऱ्याचे गोडवे सांगण्याचा अधिकार मला नाही.

मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट रोज दिसते. नऊ वर्षांच्या मुलीला डेअरीपर्यंत सुखरूप नेणारी गल्लीची नजर, ती सोळा वर्षांची झाली की तिच्यावर पाळत ठेवू लागते. राजवाड्याच्या चौपाटीवर ती कोणाशी बोलताना दिसली, तर ती घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचते. अकरावीनंतर ज्या मुली शिकायला बाहेर जातात, त्यांच्या पाठीमागे उभे राहणे मी शिक्षिका म्हणून माझे कर्तव्य समजते. माझी थोरली आठवीत आहे आणि तिने बारावीनंतर पुण्याला किंवा मुंबईला जावे अशीच माझी इच्छा आहे.

आजारपणाचा मुद्दा थोडक्यात सांगते, कारण त्यात वादाला जागा नाही. साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2021-22 मध्ये शंभर जागांनी सुरू झाले, ही मोठी गोष्ट घडली. तरीही नवजात बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया असो किंवा दीर्घ चालणारे एखादे विशेष उपचार असोत, रुग्णवाहिका खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडेच धावते. ज्या मुलाला अशा उपचारांची सतत गरज आहे, त्याच्या आई-वडिलांनी बिनदिक्कत शहर गाठावे.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ज्या एका गुणासाठी मी साताऱ्याची बाजू घेते, तो गुण आपण हातांनी घालवत आहोत. 2020 मध्ये हद्दवाढ झाली, शाहूपुरीसारखी उपनगरे शहरात आली आणि घरे शाळांपासून दूर दूर होत गेली, पण मुलांना चालता येईल अशी वाट त्या प्रमाणात झाली नाही. आमच्या शाळेसमोर सुटीच्या वेळी उभे राहून पाहावे. फाटकाच्या तोंडाशी दुचाक्यांची तिहेरी रांग, मध्ये व्हॅन, हॉर्नचा कल्लोळ, आणि दप्तर पाठीला लावलेली चालत जाणारी मुले आरशांना कोपर घासत वाट काढत असतात. त्यातले बहुसंख्य पालक, ‘रस्त्यावर गर्दी फार, एकट्याला कसे पाठवायचे’ म्हणून स्वतः न्यायला आलेले असतात आणि गर्दी होते ती त्यांचीच. शाळेजवळचे पदपथ मोकळे करणे, शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोर वाहने बंद ठेवणे, ही कामे नगरपालिका आणि वाहतूक पोलिसांनी मनावर घेतली तर एका शैक्षणिक वर्षात होण्यासारखी आहेत. वॉर्डात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी रस्त्याच्या डांबराआधी याबद्दल विचारणार आहे आणि तुम्हीही विचारावे, ही विनंती.

तोवर आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. येत्या जूनपासून शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीतली चौथी ते सातवीची मुले एकत्र चालत शाळेला जाणार आहेत. पहिले काही आठवडे एक पालक पाळीपाळीने मागून चालेल, पुढे मुले आपली आपण जातील. जाण्याची वेळ सकाळी साडेसहाची आहे आणि वाट राजवाड्यावरून आहे. त्या बाजूला राहणाऱ्या कोणाला आपले मूल यात सामील करायचे असेल, तर कृपया मला मेसेज करावा.