स्कार्फ बांधला म्हणजे काही लपवायचंच असतं का?

गेल्या महिन्यात सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फायब्रॉइड' हा शब्द वाचला आणि रात्री दीड वाजेपर्यंत मोबाइलवर शोधत बसले. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दोनच दिवसांनी सासूबाई त्यांच्या टॅबवर अळूवड्यांचा व्हिडिओ बघत होत्या आणि मध्येच गर्भाशयाच्या गाठींवरच्या उपचारांची जाहिरात आली. "अगं, हे मला कशाला दाखवतायत आता?" मी मान खाली घालून कोथिंबीर निवडत राहिले.

घरातले फोन, टॅब, टीव्ही सगळे एकाच वायफायवर. बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर क्रमांक, एकच दिसतो, आणि जाहिरातवाले अशा खुणांवरून अख्खं घर एका गाठोड्यात बांधतात.

भाची म्हणाली, "मावशी, इनकॉग्निटोत बघायचं ना!" बाई गं, इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची ती खासगी खिडकी, लपवतं ते तुझा फोन हातात घेणाऱ्यापासून. खिडकी बंद केली की हिस्टरी आणि कुकीज (वेबसाइटने ओळखीसाठी ठेवलेल्या खुणा) पुसल्या जातात, एवढंच. वेबसाइटला आयपी पत्ता दिसायचा तो दिसतोच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोड करताना गूगलने साठवलेल्या नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

मग व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवून नेणारी सेवा? त्यात इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्यावर भरवसा ठेवायचा, बाकी भरवसा ठेवणं काही टळत नाही. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने व्हीपीएनवाल्यांना आदेश काढला, की ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं जपून ठेवा. काही मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर उचलून बाहेर नेले.

टोर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं जाळं, त्याचा वेगळा ब्राउझर मिळतो. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक पाकीट, असा निरोप तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्याला तुमचं घर माहीत, पण निरोप कुठे चाललाय ते नाही. शेवटच्याला मुक्काम माहीत, पण पाठवणारा नाही. मधल्याला बिचाऱ्याला फक्त आजूबाजूचे दोघे. दोन्ही टोकं एकाच्या हाती लागत नाहीत. ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. आणि मग त्यांनी ती सगळ्या जगाला वापरू दिली. का? तर नुसते नौदलवालेच वापरत राहिले, तर टोरवरून आलेला प्रत्येकजण नौदलाचाच हे उघड!

हे वाचलं आणि मला आपले पुण्याचे स्कार्फ आठवले. जंगली महाराज रस्त्यावर चेहराभर स्कार्फ गुंडाळून गाडीवरून जाणाऱ्या मुलीकडे कुणी वळूनही बघत नाही, कारण पुढच्या सिग्नलला तशाच दहा जणी उभ्या असतात. एकटीनेच बांधला असता तर अख्ख्या डेक्कनने बघितलं असतं. तसंच एकदा टोरवर झालं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टोरवरून बॉम्बच्या धमकीचे ई-मेल पाठवले. टोर फुटलं नाही. विद्यापीठाच्याच नेटवर्कवरून त्या वेळी टोर कोण वापरत होतं एवढं पाहिलं आणि त्याला गाठलं. (सापडला ते बरंच झालं म्हणा.)

आणि गाडीची नंबरप्लेट? ब्राउझरलाही असते. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन असं सगळं जुळवलं की कुकीशिवायही माणूस ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० साली तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. म्हणून टोर ब्राउझर सगळ्यांना शक्य तितकं सारखं दिसायला लावतो.

त्रासही आहे. पानं रेंगाळत उघडतात, 'तुम्ही रोबो नाही ना' हे दर दोन मिनिटांनी सिद्ध करावं लागतं. अंमली पदार्थवालेही तिथे असतात, मान्य. आणि शेवटचा टप्पा कुणाच्या हातात आहे सांगता येत नाही. २००७ साली एका स्वीडिश संशोधकाने असे टप्पे स्वतः चालवून कितीतरी वकिलातींच्या ई-मेलचे पासवर्ड टिपले होते, त्यात भारताच्याही होत्या. म्हणून एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायची सोय, नसलेल्या पानावर टोरमध्येही पासवर्ड टाकायचा नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांना हे सांगितलं, तर ठरलेलं उत्तर आलं, "आपल्याला काय लपवायचंय? चोरांना लागतं ते." काकांच्या दारावर पाटी आहे: 'विनाकारण खिडकीतून डोकावू नये.' मी नुसतं पाटीकडे बघितलं. काका हसले आणि चष्मा शोधू लागले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, ते कदाचित त्या पाटीइतकं पटलं नसतं.

रविवारी त्यांच्या लॅपटॉपवर टोर बसवून दिलं. पहिला प्रश्न, "ही कडेने राखाडी पट्टी कसली? स्क्रीन वाया जातेय." म्हटलं, काका, तुमच्या स्क्रीनचं नेमकं माप कळू नये म्हणून आहे ती. "म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट," काका खूश झाले, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्याच मिनिटाला स्वतःच्या नावाच्या ई-मेलमध्ये लॉगिन करून बसले.