‘पेप्टाइड म्हणजे नैसर्गिक जीएच’: या मेसेजमधलं किती खरं?

बीड, लातूर, नांदेडच्या जिममध्ये आणि भरतीच्या अकॅडम्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: “सिंथेटिक जीएच नको, पेप्टाइड घ्या. नैसर्गिक आहे, परिणाम तोच, साइड इफेक्ट शून्य, टेस्टमध्ये येत नाही, उंचीही वाढते.” जीएच म्हणजे ग्रोथ हार्मोन, वाढीचं संप्रेरक. इथली पेप्टाइड म्हणजे शरीराला स्वतःचं जीएच जास्त सोडायला लावणारी इंजेक्शनं.

“नैसर्गिक आहे.” जीएचआरपी-६, इपामोरेलिन, सीजेसी-१२९५ हे सगळे प्रयोगशाळेत जुळवलेले रेणू आहेत. उलट ज्याला सिंथेटिक म्हणून नाक मुरडतात ते सोमाट्रोपिन (औषध म्हणून बनवलेलं जीएच) १९१ अमिनो आम्लांचं, आपल्या पिट्युटरीतल्या (मेंदूखालच्या ग्रंथीतल्या) हार्मोनसारखंच हुबेहूब. गंमत म्हणजे जीएचआरपी-६ आधी तयार झालं. ते पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर (ग्राहीवर) बसतं तिथे बसणारं शरीराचं स्वतःचं घ्रेलिन, म्हणजे भूक जागवणारं हार्मोन, १९९९ मध्ये सापडलं.

“परिणाम तोच.” नाही. सोमाट्रोपिन हे थेट हार्मोन. डोस वाढवाल तसं रक्तातलं प्रमाण वाढतं. पेप्टाइड पिट्युटरीला तिचा साठा सोडायला लावतं आणि जीएच रोखणारं शरीरातलं सोमाटोस्टॅटिन हे हार्मोन त्याला आवर घालतं. म्हणून मर्यादा राहते, जीएच थांबून-थांबून सुटण्याची लयही बरीचशी टिकते. एवढं श्रेय पेप्टाइडला द्यावं लागेल. पण पोटभर जेवणानंतर प्रतिसाद घटतो, आणि ग्रंथीच निकामी असेल तर पेप्टाइडचा उपयोग जवळजवळ नाही. शिवाय धडधाकट माणसात खुद्द जीएचनंही वाढलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. ताकद वाढल्याचा भक्कम पुरावा नाही.

“साइड इफेक्ट शून्य.” रक्तात शेवटी जीएचच वाढतं. त्यामुळे सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या, वाढलेली साखर इथेही होऊ शकते. जीएचआरपी-६ नं भूक खवळते. याच कुळातल्या जीएचआरपी-२ नं कॉर्टिसोल, प्रोलॅक्टिन ही दुसरी हार्मोनंही थोडी वर जातात.

खरा घोळ मात्र बाटलीपासून सुरू होतो. कुरिअरनं येणाऱ्या बाटलीवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. आत काय, किती, निर्जंतुक आहे का, याची हमी कोणी घेत नाही. कोरडी पावडर काही दिवस ऊन सोसते. पाणी घातल्यावर मात्र २ ते ८ अंश लागतात, आणि परभणी-नांदेडच्या मे महिन्यात लाइट गेली की फ्रिजचा भरवसा नसतो. खराब झालेलं द्रावण स्वच्छही दिसू शकतं. पुढची चूक सिरिंजची. ५ मिलिग्रॅम पावडरीत २ मिली पाणी घातलं तर यू-१०० (१ मिलीला १०० युनिटच्या रेघा असलेल्या) इन्सुलिन सिरिंजच्या १० युनिटमध्ये ०.१ मिली, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम येतात. आपल्याकडे मेडिकलवर लाल टोपणाची यू-४० (१ मिलीला ४० युनिट) सिरिंजही सर्रास मिळते; तिच्यावरचे १० युनिट म्हणजे ०.२५ मिली, ६२५ मायक्रोग्रॅम. अडीचपट! जीएचमध्ये तर ‘युनिट’ वेगळंच: १ मिलिग्रॅम म्हणजे ३ आंतरराष्ट्रीय युनिट. सिरिंजवरच्या रेघांशी त्याचा संबंध नाही.

“टेस्टमध्ये येत नाही.” वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) यादीत जीएच आणि ही पेप्टाइड दोन्ही बंदीच्या एस-२ गटात आहेत. पेप्टाइड लघवीच्या नमुन्यात मास स्पेक्ट्रोमेट्री या रेणू ओळखणाऱ्या तपासणीनं सापडतात.

“उंचीही वाढते.” पोलीस भरतीच्या १६५ सेंटिमीटरसाठी २०-२१ वर्षांची पोरं यात पैसे घालतात. मुलांच्या ग्रोथ प्लेट (हाडांच्या टोकांजवळचे वाढीचे पट्टे) साधारण १६ ते १८ व्या वर्षापर्यंत मिटतात. त्यानंतर पेप्टाइड काय, सोमाट्रोपिन काय, उंची वाढत नाही. मुलगा वर्गात फारच मागे पडत असेल तर शाळेच्या वयातच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं.